सैन्य नसलेल्या किल्ल्यातील साक्षीदार : कर्करुग्णांच्या रक्तातील खुणांचा इतिहास

१/ ज्या किल्ल्यात सैन्यच उरलेले नाही, तिथे शत्रू आत शिरल्याची वर्दी कोण देणार? विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न कर्करोगाच्या वॉर्डांत अगदी खऱ्या अर्थाने उभा राहिला. आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे. १९३० च्या न्यूयॉर्कमधून निघून आपण १९९३ च्या पॅरिसला जाऊ आणि तिथून थोडे पुढेही. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

२/ आरंभ बॉस्टनपासून करू. १९४७ साली तेथील बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे ल्युकेमिया झालेल्या मुलांना नव्या औषधांची इंजेक्शने देऊन पाहत होते. वर्षअखेरीस त्यांच्या हाती अमिनॉप्टेरिन आले. तोवर त्या आजाराचे निदान झाले की पालकांना मोजक्या आठवड्यांची मुदत सांगितली जाई. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात १६ मुलांपैकी १० जणांत आजार मागे हटल्याची नोंद होती. तो काही काळच मागे हटला, पुन्हा परतला. तरीही रक्ताचा कर्करोग औषधाने हटू शकतो, हे प्रथमच दिसले.

३/ अमिनॉप्टेरिन घडवले होते लेडर्ली प्रयोगशाळेत, यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने. आंध्रातील भीमवरमला जन्मलेले हे शास्त्रज्ञ ऑगस्ट १९४८ मध्ये, म्हणजे फार्बर यांचा लेख छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, निवर्तले. त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. तूर्त इतकेच, की कर्करोगावरील औषधोपचाराच्या पहिल्या पानावर एका भारतीयाची सही आहे.

४/ या औषधांची एक किंमत होती. ती वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. आणि कर्कपेशींइतक्याच वेगाने वाढणारी दुसरी जागा म्हणजे अस्थिमज्जा, रक्तपेशींची टाकसाळ. औषध दिले की काही दिवसांत टाकसाळ बंद पडते. प्लेटलेट घटतात आणि रक्तस्राव होतो. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नाहीशा होतात आणि आतड्यात, त्वचेवर एरवी गुण्यागोविंदाने नांदणारे जंतू थेट रक्तात उतरतात.

५/ अमेरिकेतील बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९५४ ते १९६३ या दहा वर्षांतील तीव्र ल्युकेमियाच्या ४१४ रुग्णांच्या मृत्यूची कारणे तपासून १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. प्लेटलेट चढवण्याची सोय झाली तसे रक्तस्रावाने जाणारे कमी झाले. नवी पेनिसिलिने आली तसे स्टॅफिलोकॉकसचे बळी घटले. मग उरले कोण? आतड्यातील ग्रॅम-निगेटिव्ह जंतू आणि बुरशी. एक दार बंद केले की मृत्यू दुसऱ्या दाराने येत होता.

६/ पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्याच संस्थेतून आलेला एक निबंध आजही संदर्भ म्हणून वाचला जातो. जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींची मोजणी आणि त्यांना होणारा संसर्ग यांचा हिशेब मांडला. पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका धोका मोठा, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. विशेषतः रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये १०० हून कमी ग्रॅन्युलोसाइट आणि तेही आठवडेच्या आठवडे, अशी स्थिती असेल तर संसर्गातून सुटका जवळपास नसे. निबंधाच्या चार लेखकांत तिसरे नाव वाय. एस. साठे असे आहे. मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थबकतेच.

७/ आता या कथेचे मर्म. संसर्गाची जी लक्षणे आपण ओळखतो, म्हणजे पू, सूज, लाली, कफ, ती जंतूंची नसतात. ती पांढऱ्या पेशींच्या लढाईची असतात. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा खच. सैन्यच नसेल तर रणही नाही आणि रणाची धूळही नाही. १९७५ मध्ये सिकल्स, ग्रीन आणि विअर्निक यांनी हेच नोंदवले : ज्यांच्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट नाहीत अशा रुग्णांत न्यूमोनिया असूनही कफ पडत नाही, जखम चिघळूनही पू धरत नाही. डॉक्टर तपासतात आणि हाती काहीच लागत नाही.

८/ हाती लागतो तो फक्त ताप. आणि ताप हा मोठा बेभरवशाचा साक्षीदार. तो जंतूंमुळे येतो, तसाच रक्त चढवल्याने येतो, औषधाने येतो, खुद्द कर्कगाठीनेही येतो.

९/ मग कल्चर करावे. रुग्णाचे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवायचे आणि जंतू वाढतात का ते पाहायचे. पद्धत निर्विवाद आहे, पण तिला वेळ लागतो, एक-दोन दिवस तरी. शिवाय न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णांच्या तापांपैकी साधारण १० ते २५ टक्के वेळाच रक्तात जंतू सापडतात. बाटली रिकामी राहिली म्हणजे जंतू नव्हते, की होते आणि पकडले गेले नाहीत? बाटली त्यावर काही बोलत नाही.

१०/ इकडे स्यूडोमोनास नावाचा जंतू रक्तात असेल तर त्या काळी निम्म्याच्या आसपास रुग्ण पहिल्या तीन दिवसांतच दगावत. कल्चरचा निकाल हाती येईपर्यंत पुष्कळदा खाट रिकामी झालेली असे. वाचताना हा भाग कोरडा वाटू शकतो. पण निकालाचा कागद घेऊन वॉर्डात आलेल्या त्या काळच्या निवासी डॉक्टरांचा विचार करून पाहा.

११/ १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ यांनी ही वाट पाहणेच मोडीत काढले. न्यूट्रोफिल नाहीत आणि ताप आहे? मग जंतूचे नाव कळण्याआधीच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करा. निकाल आला की त्यात बदल करा. आज जगभर पाळला जाणारा नियम तो हाच. माझ्या मते कर्करोगाच्या इतिहासात ज्या निर्णयांनी सर्वाधिक प्राण वाचवले असतील, त्यांत याचा क्रम फार वरचा लागावा. आणि हा शोध कोणत्याही नव्या रेणूचा नव्हता, तो केवळ क्रम उलटण्याचा होता.

१२/ पण त्यातून नवी अडचण उभी राहिली. सगळ्यांनाच औषध द्यायचे, तर ज्यांना जंतू नाहीत त्यांनाही दिले जाणार. आणि एकदा सुरू केलेले थांबवायचे कधी? तापावाचून दुसरा एखादा साक्षीदार हवा होता, न्यूट्रोफिल नसतानाही बोलू शकेल असा. योगायोग असा, की त्यांपैकी पहिला ४० वर्षांपूर्वीच सापडून गेला होता. त्यासाठी आता मागे, १९३० मध्ये जावे लागेल.

१३/ न्यूयॉर्कमधील रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात ऑस्वाल्ड एव्हरी यांचा गट न्यूमोनियाच्या जंतूमागे लागला होता. त्या गटातील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी त्या जंतूपासून वेगळ्या केलेल्या एका शर्करायुक्त अंशात रुग्णांचा रक्तद्रव मिसळला. अंशाचे नाव होते ‘सी’. मिश्रण गढुळले, साका धरला. यात नवल नव्हते, प्रतिपिंडे असेच करतात. नवल पुढे होते.

१४/ प्रतिपिंडे माणूस बरा होऊ लागल्यावर वाढतात. इथे उलटे घडत होते. आजार भरात असताना साका दाट, ताप उतरला की तो गायब. बरे, न्यूमोनियाच्या जंतूशी काही संबंध नसलेल्या संधिवाती तापातही तो दिसत होता. म्हणजे हा पदार्थ विशिष्ट जंतूला ओळखणारा नव्हता. शरीरात आग लागली आहे, एवढेच तो सांगत होता. १९४१ मध्ये तो प्रथिन असल्याचे एव्हरी आणि मॅक्लाउड यांनी सिद्ध केले, १९४७ मध्ये मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. नाव पडले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. तुमच्या-आमच्या तपासणीच्या कागदावर दिसणारे ‘सीआरपी’ ते हेच.

१५/ जाता जाता : एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी ही तीच त्रयी, जिने १९४४ मध्ये आनुवंशिकतेचा वाहक डीएनए असल्याचे दाखवले. टिलेट यांनी पुढे रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज शोधले. फ्रान्सिस यांनी १९५४ च्या पोलिओ लशीच्या महाचाचणीचे मूल्यमापन केले. एका रुग्णालयाच्या एका गटातून इतके सारे जण निघावेत, याचा हेवा वाटतो.

१६/ सीआरपी तयार होते यकृतात. आपल्या प्रश्नासाठी हे फार मोलाचे. केमोथेरपीने अस्थिमज्जा ओस पडते, पण यकृत बहुधा काम करीत राहते. म्हणजे सैन्य नसले तरी हा पहारेकरी शाबूत असतो. १९७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅकी, क्रॉक्सन आणि स्टुअर्ट यांनी ल्युकेमियातील संसर्गाच्या शीघ्र निदानासाठी सीआरपी वापरण्याविषयी निबंध लिहिला. तोवर मोजणीची तंत्रे इतकी जलद झाली होती की त्याच दिवशी आकडा मिळू लागला.

१७/ सीआरपीचे दोष मात्र जन्मजात होते. तो सावकाश चढतो. शिखर गाठायला सुमारे दोन दिवस लागतात. शस्त्रक्रियेने चढतो, विषाणूने थोडाफार चढतो, काही कर्कगाठींनी तर कायमच चढलेला असतो. १९३० मध्ये जे त्याचे नवल होते, कोणत्याही आगीला ओरडण्याचे, तेच कर्करोगाच्या वॉर्डात त्याचे वैगुण्य ठरले. तिथे रोज कुठेतरी आग असतेच.

१८/ दुसरा साक्षीदार अगदी अनपेक्षित घरातून आला. थायरॉइड ग्रंथीतील काही पेशी कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बनवतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी व्हँकुव्हरच्या हॅरॉल्ड कॉप यांनी ते शोधले. रक्तातील कॅल्शियम उतरवणे हे त्याचे काम. ते बनण्याआधी पेशीत ११६ अमिनो आम्लांची एक लांब साखळी तयार होते. ती कापली की मधून कॅल्सिटोनिन निघते. या न कापलेल्या साखळीला म्हणतात प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसाच्या रक्तात ती नसल्यात जमा.

१९/ थायरॉइडच्या एका प्रकारच्या कर्करोगात कॅल्सिटोनिन भरमसाट वाढते. म्हणून पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ येथील गुस्ताव्ह रूसी या कर्करोग संस्थेत क्लोद बोहुओं आणि सहकारी ही पूर्वरूपे मोजण्याची चाचणी घडवत होते. १९८९ मध्ये त्यांनी कर्करुग्णांच्या रक्तातील मोजमापे प्रसिद्धही केली. त्यांना हवी होती गाठीची खूण. संसर्गाचा विचार त्या चाचणीच्या जन्मवेळी नव्हता.

२०/ मग २७ फेब्रुवारी १९९३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये मार्सेल आसिको, दोमिनिक जांद्रेल, बोहुओं आणि इतरांचा निबंध आला. संसर्गाचा संशय असलेली ७९ मुले त्यांनी तपासली होती. गंभीर जिवाणूसंसर्ग असलेल्या १९ मुलांत प्रोकॅल्सिटोनिन प्रति मिलिलिटर ६ ते ५३ नॅनोग्रॅम होते. संसर्ग नसलेल्या मुलांत ०.१ हूनही कमी. विषाणूसंसर्ग झालेल्या बहुतेकांत ते जवळपास स्थिर राहिले होते. प्रतिजैविक सुरू होताच चढलेला आकडा झपाट्याने उतरला.

२१/ त्याच निबंधात भाजलेल्या नऊ रुग्णांचीही नोंद आहे. तिथेही जखमेत जंतू शिरले की आकडा वर, आवरले की खाली. आणि चमत्कारिक बाब ही, की त्यांच्या रक्तात प्रत्यक्ष कॅल्सिटोनिन जवळजवळ नव्हते. थायरॉइड हे करीत नव्हती, मग कोण?

२२/ उत्तर यायला काही वर्षे लागली. १९९४ मध्ये परेश दांडोना यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना जंतूंच्या आवरणातील विष अत्यल्प प्रमाणात टोचले : चौथ्या तासाला प्रोकॅल्सिटोनिन दिसू लागले, सहाव्याला वर पोचले, पुढे दिवसभर तिथेच राहिले. सीआरपीहून ते कितीतरी चपळ निघाले. २००१ मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रक्तदोषाच्या वेळी हे जनुक शरीरातील अनेक ऊतींत जागे होते. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, चरबी, सगळीकडे. या पेशींकडे साखळी कापण्याची कात्री नसते, म्हणून ती अखंडच रक्तात सांडते.

२३/ कर्करुग्णांसाठी याचा अर्थ काय, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ज्याची अस्थिमज्जा ओस पडली आहे, त्याचे यकृत आणि चरबी तरी बोलतील. २००० मध्ये फ्लाइशहाक आणि सहकाऱ्यांनी बॉनमध्ये कर्करोगग्रस्त मुलांच्या तापांत सीआरपी, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि प्रोकॅल्सिटोनिन शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि प्रोकॅल्सिटोनिनला वरचढ ठरवले. आनंदाला कारण होते.

२४/ पण हाही साक्षीदार निर्दोष नव्हता. त्वचेवरील साध्या स्टॅफिलोकॉकसने रक्तसंसर्ग झाला तर तो पुष्कळदा गप्पच राहतो. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना मात्र जोराने ओरडतो. टी-पेशींविरुद्धची काही औषधे दिली की जंतू नसतानाही तो चढतो. आणि थायरॉइडच्या त्या कर्करोगात, फुप्फुसाच्या एका प्रकारात, तो जन्मतःच चढलेला. म्हणजे ज्या गाठी शोधण्यासाठी ही चाचणी जन्मली, त्याच गाठी तिच्या साक्षीत खोट आणतात.

२५/ म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या संसर्गरोग-तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे लिहिली तेव्हा निर्वाळा थंड होता : केवळ या खुणांच्या आधारे प्रतिजैविकाचा निर्णय घेण्याइतका पुरावा नाही. पहिल्या तासाचे गणित लक्षात घेतले तर यात अन्याय वाटत नाही. आकडा साफ आला म्हणून मध्यरात्री तापाने फणफणलेल्या मुलाला औषध न देता घरी धाडायचे, आणि साक्षीदार चुकीचा निघाला तर? ती चूक दुरुस्त करायला सकाळ उजाडेलच असे नाही.

२६/ खरी ओढाताण दुसऱ्या टोकाला होती : थांबायचे केव्हा? १९७९ मध्ये फिलिप पिझो यांनी बेथेस्डात एक धाडसी चाचणी केली. सात दिवसांनी ताप गेलेला, पण न्यूट्रोफिल अजून परतलेल्या नाहीत, अशा ३३ रुग्णांपैकी १७ जणांचे औषध थांबवले, १६ जणांचे चालू ठेवले. थांबवलेल्यांपैकी ७ जणांना पुन्हा संसर्गाने गाठले, चालू ठेवलेल्यांपैकी एकालाही नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे डॉक्टर पेशी परतेपर्यंत औषध चालूच ठेवत.

२७/ त्याची किंमत जंतूंनी वसूल केली. जितके दिवस औषध, तितके जंतू निर्ढावलेले. आपल्याकडे तर कर्करोगाच्या वॉर्डांत आधीच ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे प्राबल्य, आणि त्यांतले कितीतरी एकेकाळच्या राखीव औषधांनाही दाद देत नाहीत. म्हणून आकड्याचा खरा उपयोग चढताना नव्हे, उतरताना पाहण्याकडे अनेकांचे लक्ष वळले. प्रोकॅल्सिटोनिन दिवसागणिक साधारण निम्मे होत जाते. एका वेळचा आकडा पुष्कळदा फसवतो. तीन दिवसांची उतरण सहसा इतकी फसवत नाही.

२८/ आणि इथे इतिहासाने एक वळण घेतले, जे मला व्यक्तिशः फार आवडते. २०१७ मध्ये स्पेनमधील सहा रुग्णालयांनी पिझो यांचाच प्रश्न पुन्हा विचारला. ताप जाऊन ७२ तास झाले, रुग्ण सर्व बाजूंनी सावरला, पण न्यूट्रोफिल अजून परतल्या नाहीत : थांबवावे का? त्यांनी थांबवले. औषधाचे दिवस वाचले आणि मृत्यू वाढले नाहीत. पिझो यांच्या काळापेक्षा औषधे आणि देखभाल बदलली होती, हे खरेच. पण थांबवण्याचा निर्णय कशावर घेतला गेला? तापमापीवर आणि खाटेशेजारी उभे राहून केलेल्या तपासणीवर. ज्या तापाला बेभरवशाचा म्हणून बाजूला सारायला आपण निघालो होतो, त्याचीच साक्ष पुन्हा घेतली गेली.

२९/ सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळांतही मोजले जातात. ताप आलेल्या कर्करुग्णाच्या फायलीत तुम्हाला दोन्ही आकडे दिसतील, त्यांच्या शेजारी न्यूट्रोफिलची मोजणी आणि खाली शेरा : ‘कल्चर पाठवले’. प्रतिजैविकाची पहिली बाटली मात्र त्याआधीच लावलेली असते, शिम्फ यांनी १९७१ मध्ये सांगितले तशी.